पालिकेवर हुकूमनामा झाला, आता पैसे कोण आणि कुठून देणार?

चौकसबुद्धी
'मुख्याधिकाऱ्यांची खुर्ची जप्त' अशी बातमी वर्षातून दोन-चारदा तरी वाचायला मिळते. फोटोत बेलिफ, टेम्पो, दोन संगणक आणि एक फिरती खुर्ची. दुसऱ्या दिवशी 'पालिकेने मुदत मागितली' अशी चार ओळींची बातमी, मग सामसूम.
मला त्या फोटोच्या आधीचं आणि नंतरचं जाणून घ्यायचंय. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांच्यावर कुणी नुकसानभरपाईचा दावा लावून जिंकला तर रक्कम निघते कुठून? तडजोड करायचा अधिकार कुणाला असतो? आदेश होऊनही वर्षानुवर्षं पैसे का अडकतात? महाराष्ट्रापुरतंच बोलू. 'सगळे खातात' हे उत्तर ठाऊक आहे, त्याच्या पुढचं हवंय.

तिरकमठा
सगळे खातात.
(झालं माझं. आता जाणकारांनी बोलावं.)

वकीलपत्र
नोटिशीपासून सुरुवात करतो, कारण बरेच दावे तिथेच लंगडे होतात.
मुंबई सोडून बाकी महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ लागू आहे, त्यात कलम ४८७. मुंबईला १८८८ चा अधिनियम, कलम ५२७. नगरपालिका-नगरपंचायतींना १९६५ च्या अधिनियमाचं कलम ३०४. तिन्हींचा गाभा सारखा: अधिनियमाखाली केलेल्या कामाबद्दल किंवा त्यात केलेल्या कसुरीबद्दल दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि दाव्याचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. ही सहा महिन्यांची मुदत घातक आहे. साधारण दिवाणी दाव्यांची तीन वर्षं डोक्यात ठेवून लोक निवांत बसतात.
दुसरी नेहमीची चूक म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस पाठवणं. ते कलम सरकार आणि लोकसेवकांसाठी आहे. पालिका म्हणजे सरकार नव्हे. दोन महिने वाट पाहण्यात सहातले दोन वाया जातात.
नोटिशीत काय घडलं, कुठे, केव्हा, काय मागणी, दावा लावणाऱ्याचं नाव-पत्ता आणि वकिलाचा पत्ता स्पष्ट हवा. महापालिकेच्या बाबतीत नोटिशीत न आलेल्या कारणावर पुढे पुरावाच देता येत नाही. म्हणजे नोटिशीत 'गटाराचं झाकण उघडं होतं' लिहिलं आणि दाव्यात 'रस्त्यावर दिवेही नव्हते' असं घातलं, तर दिवे गेले.
करारभंगाचे, थकीत बिलांचे दावे या कलमात येत नाहीत असाच कोर्टांचा कल आहे. तरी नोटीस द्यावी, एका रजिस्टर्ड पोस्टाचाच काय तो खर्च.
आता गंमत. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे: दावा दाखल व्हायच्या आधी पालिकेने पुरेशी भरपाई देऊ केली असेल, किंवा दाखल झाल्यावर पुरेशी रक्कम खर्चासह कोर्टात भरली, तर नुकसानभरपाईचा दावा फेटाळला जातो. तो महिना तडजोडीसाठीच ठेवलेला आहे. वापरतं कोण?

नस्ती_क्रमांक_शून्य
कुणी वापरत नाही, आणि का ते फाइलीच्या प्रवासातून कळतं.
नोटीस आवकला येते, शिक्का पडतो. विधी विभाग ती संबंधित खात्याकडे 'परिच्छेदनिहाय अभिप्राय' मागवायला पाठवतो. खातं म्हणजे ज्यांच्या चुकीबद्दल नोटीस आहे तेच लोक. ते 'चूक आमची' असं लिहून देणार का? ते लिहितात: 'सदरचे काम ठेकेदारामार्फत करणेत आले असून प्रस्तुत विभागाचा संबंध येत नाही.' हा अभिप्राय यायलाच महिना उलटतो. नोटिशीला उत्तर जात नाही, दावा दाखल होतो, समन्स येतं, मग पॅनेलवरचा वकील नेमायची टिपणी फिरते.
तडजोडीचा अधिकार महापालिकेत आयुक्तांना आहे, पण स्थायी समितीच्या मान्यतेने. नगरपालिकेत ठराव लागतो. प्रशासक असेल तर दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे, तेव्हा तर सही आणखी जड होते.
मूळ अडचण लेखापरीक्षणाची. कोर्टाच्या आदेशाने ५ लाख दिले तर आक्षेप येत नाही. कोर्टाबाहेर ३ लाखांत मिटवलं तर 'कोणत्या आधारे, कोणत्या दराने, जबाबदारी कोणावर निश्चित केली' असे प्रश्न निघतात आणि सही करणारा निवृत्त झाल्यावरही ते त्याच्या मागे येतात. आदेशाने दिलेले जास्तीचे पैसे कुणाच्या खिशातून जात नाहीत, स्वतःहून दिलेले कमी पैसे मात्र सही करणाऱ्याला चिकटतात. म्हणून माणूस हुशार असो वा बथ्थड, टिपणीत एकच वाक्य येतं: 'मा. न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन राहून पुढील कार्यवाही करणेत यावी.'

चौकसबुद्धी
हे पटलं. म्हणजे भरपाई द्यायची की नाही हा प्रश्न मागे राहतो आणि ती कुणाच्या सहीने द्यायची यावर सगळं अडतं. आणि मग निकाल लागल्यावर 'तरतूद नाही' म्हणतात ते काय असतं?

लेखाशीर्ष
'तरतूद नाही' हे अर्धं खरं, अर्धं बहाणा.
साधारण नियम असा की अंदाजपत्रकात मंजूर रक्कम असल्याशिवाय महापालिका निधीतून खर्च करता येत नाही. पण याच नियमाला कायद्यात अपवाद दिलेत आणि त्यात न्यायालयाच्या हुकूमनाम्याची रक्कम आहे. रीतसर मान्यतेने झालेल्या तडजोडीची रक्कमही आहे. म्हणजे तरतूद नसली तरी देता येते. लेखा विभागाच्या पत्रात हे कारण आलं तर उत्तर देताना हा अपवाद दाखवावा.
खरं अर्धं रोकडीचं. तरतूद असणं वेगळं आणि बँकेत पैसे असणं वेगळं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेली. तेव्हापासून महापालिकांचं मोठं उत्पन्न म्हणजे राज्याकडून दरमहा येणारं जीएसटी भरपाईचं अनुदान आणि मालमत्ता कर. अनुदान आलं की पहिल्यांदा पगार आणि निवृत्तिवेतन, मग वीजबिल, पाणीबिल, कर्जाचे हप्ते. मालमत्ता कराचा मोठा भरणा वर्षाच्या दोन टोकांना होतो, सवलतीच्या महिन्यांत आणि मार्चमध्ये. त्यामुळे हुकूमनाम्याचे पैसे मागण्याचा मोसम असलाच तर तो हाच.
बँकेत दिसणाऱ्या शिलकीलाही फसू नये. वित्त आयोगाचा बंधित निधी, केंद्राच्या अमृत योजनेचा निधी, आमदार-खासदार निधीतली कामं, ठेकेदारांच्या अनामती, कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाहाची वर्गणी हे सगळं पालिकेच्या खात्यांत असतं, पण पालिकेचं नसतं.
उपार्जित लेखापद्धतीत चालू दावे संभाव्य दायित्व म्हणून ताळेबंदाच्या टिपांमध्ये दाखवायला हवेत. ती टीप काढून वाचा. बहुतेक ठिकाणी एका ओळीत गुंडाळलेली दिसेल. दाव्यांची यादीच लेखा विभागाकडे नसेल तर तरतूद कशाच्या आधारावर करणार? विधी विभागाच्या रजिस्टरमध्ये दाव्याचा क्रमांक, कोर्ट, पुढची तारीख असते. रकमेचा रकाना रिकामा.

तिरकमठा
रकाना रिकामा, तिजोरी रिकामी, खुर्ची बेलिफकडे. आता उभ्याने कारभार.

सातबारा
दाव्यांच्या रकमा खऱ्या फुगतात त्या भूसंपादनात. खड्डे-झाडं बातम्यांत येतात, पण पालिका कंबरेत वाकते ती आरक्षणाच्या जागांच्या वाढीव मोबदल्यामुळे.
१८९४ च्या जुन्या कायद्यातली प्रकरणं अजून चालू आहेत. त्यात वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज. ३० टक्के दिलासा रकमेवरही (जमीन सक्तीने घेतल्याबद्दल मिळणाऱ्या जादा रकमेवर) व्याज मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केलं. एक साधा हिशेब करा. दिलासा धरून वाढीव रक्कम १० लाख आणि दहा वर्षं गेली. पहिल्या वर्षाचे ९० हजार, उरलेल्या नऊ वर्षांचे दीड-दीड लाख म्हणजे साडेतेरा लाख. व्याज झालं १४ लाख ४० हजार, मुद्दलाच्या जवळजवळ दीडपट. १ जानेवारी २०१४ पासूनच्या नव्या कायद्यात दिलासाच १०० टक्के आहे आणि वाढीव मोबदल्यावर व्याजाचे दर तेच.
घोळ पुढे आहे. निवाडा भूसंपादन अधिकारी करतो, जागा पालिकेला मिळते, पैसे पालिकेने द्यायचे. वाढीव मोबदल्याचा संदर्भ कोर्टात जातो तेव्हा प्रतिवादी शासन, आणि बऱ्याच जुन्या प्रकरणांत पालिकेला पक्षकारच केलेलं नसतं. हुकूमनामा झाल्यावर भूसंपादन अधिकारी पालिकेला पत्र लिहितो: रक्कम जमा करा. पालिका उलट लिहिते: आम्हाला ऐकूनच घेतलं नाही. ज्या संस्थेसाठी जमीन घेतली तिला बाजू मांडायचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितलंय, त्यामुळे हा आक्षेप अगदीच पोकळ नसतो. पण हा चेंडू इकडून तिकडे जाईपर्यंत १५ टक्क्यांचं मीटर चालूच. म्हणून पालिकेच्या बागेच्या आरक्षणापायी प्रांत कार्यालयातली जीप जप्त झालेली दिसते.
रोख न देता सुटायची वाट म्हणजे टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव चटई क्षेत्र, एमआरटीपी या नगररचना कायद्याच्या कलम १२६ खाली. पण ती जमीनमालकाच्या संमतीने. हुकूमनामा हातात असलेल्या माणसावर टीडीआर लादता येत नाही, आणि बाजारात टीडीआरचा भाव पडलेला असेल तर तो घेणारही नाही.

दरखास्तवाला
वसुलीकडे येऊ. निकाल लागला म्हणजे पैसे मिळाले असं नाही, दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते. मुदत बारा वर्षं. काही लोक 'सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्यावर तीन महिने थांबावं लागतं' म्हणून थांबतात. ते संहितेचं कलम ८२ सरकारसाठी आहे, पालिकेसाठी नाही.
पालिकेने अपील केलं एवढ्याने स्थगिती मिळत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात कोर्ट बहुधा रक्कम भरायला लावतं. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा. पालिका ही मुदत चुकवते आणि विलंबमाफीचा अर्ज करते: 'फाइल विविध स्तरांवर मान्यतेसाठी प्रलंबित होती.' २०१२ पासून सर्वोच्च न्यायालय सांगतंय की सरकारी फाइल फिरणं हे आपोआप पुरेसं कारण होत नाही.
जप्तीचं म्हणाल तर खुर्च्या-संगणकांचं वॉरंट नाटकापुरतं. लिलावात दहा खुर्च्यांचे काय येणार? पण वर्तमानपत्रात फोटो येतो आणि अडलेली सही त्याच संध्याकाळी होते, एवढाच त्याचा उपयोग. खरी वसुली हवी असेल तर आधी आदेश २१ नियम ४१ खाली पालिकेकडून मालमत्तेचं शपथपत्र मागा. मग बँक खातं आणि तिसऱ्या माणसाकडून पालिकेला येणं असलेली रक्कम धरा. पालिकेच्या व्यापारी संकुलातले गाळेधारक, जाहिरात फलकांचे परवानाधारक, पे अँड पार्कचा ठेकेदार, हे सगळे पालिकेचे ऋणको. कोर्ट त्यांना सांगू शकतं की भाडं पालिकेला देऊ नका, इथे भरा.
बँक खातं गोठवलं की आठवड्यात पैसे येतात. यासारखा जालीम उपाय नाही.

वकीलपत्र
दरखास्तवाला, गाळेभाड्याचं मान्य. बँक खात्याचं इतकं सरसकट नको. वर लेखाशीर्ष यांनी सांगितलंय तेच: खात्यात बंधित अनुदान असेल तर पालिका दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन येते की ही रक्कम विशिष्ट कामासाठी दिलेली आहे, आमची नाही. तो अर्ज बऱ्याचदा मंजूर होतो, आणि तुमचे दोन-चार महिने तिथेच जातात. शिवाय पगाराचं खातं गोठलं तर कर्मचारी संघटना कोर्टात उभी राहते. सार्वजनिक वापराच्या वस्तू तर विसराच. रस्ता, बाग, जलवाहिनी, अग्निशमनाची गाडी जप्त करून विकायला कुठलं कोर्ट लावणार आहे?

दरखास्तवाला
@वकीलपत्र, म्हणूनच आधी शपथपत्र म्हटलं. त्यात खातेनिहाय माहिती मागायची: खातं कशासाठी उघडलं, त्यात कोणता निधी येतो. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी ज्या खात्यात जमा होते ते धरायचं. अंदाज घ्यायला पालिकेचे वार्षिक लेखे पुरतात, त्यात बँकनिहाय शिल्लक असते. आंधळेपणाने सगळी खाती धरणारे वकील आहेत, हे खरं.
अजून एक, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असं सांगितलंय. तारीख मागताना त्याचा उल्लेख करावा, निदान तारखा जवळच्या मिळतात.

लेखाशीर्ष
व्याजाच्या हिशेबावरून हमखास भांडण होतं, ते सांगतो. हुकूमनामा १० लाख मुद्दल, ४ लाख व्याज. पालिकेने ५ लाख भरले. लेखा विभाग लिहितो, मुद्दल उरलं ५ लाख. चूक. कोर्टाने वेगळं सांगितलं नसेल तर आलेली रक्कम आधी खर्च आणि व्याजात वळती होते, मग मुद्दलात. म्हणजे ४ लाख व्याजात गेले, मुद्दलात एकच लाख, आणि ९ लाखांवर व्याज चालू. भूसंपादनात प्रत्येक टप्प्याच्या रकमेपुरता हा हिशेब कसा लावायचा हे २००६ च्या घटनापीठाच्या निकालात आहे.
तसंच, स्थगिती मिळवण्यासाठी कोर्टात भरलेली रक्कम म्हणजे हुकूमनामाधारकाला केलेला भरणा नव्हे. ती तारण असते. त्याला ती काढता येत नसेल तर पालिकेचं व्याज थांबलं असं गृहीत धरू नये. हप्त्या-हप्त्याने थोडं थोडं भरत राहणाऱ्या पालिका मुद्दलाला कधी हातच लावत नाहीत.
आणि परस्पर पैसे दिले तर आदेश २१ नियम २ प्रमाणे कोर्टात नोंदवून घ्या. नोंद नसलेला भरणा दरखास्तीचं कोर्ट धरत नाही.

मृण्मयी
जमिनी आणि व्याज कळलं. पण खड्ड्यात पडून हात मोडला, अंगावर झाड पडलं, अशांचं काय? त्यांनी दिवाणी दावा लावून पाच-दहा वर्षं थांबायचं?

वकीलपत्र
मृण्मयीताई, झाडाचं अवघड आहे. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात रस्त्याकडेचं झाड पडून एक नोकरदार गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं नाही, कारण झाड धोकादायक आहे हे तिला माहीत होतं असं दिसलं नाही. याउलट दिल्लीतला चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा पडून माणसं मेली, त्यात १९६६ मध्ये महापालिका जबाबदार ठरली. मनोरा जुना, तिच्याच ताब्यातला, आणि असे मनोरे आपोआप पडत नाहीत. या दोन निकालांतून एक व्यवहारी गोष्ट निघते: वाळलेल्या झाडाची, उघड्या झाकणाची लेखी तक्रार आधी कुणीतरी केलेली असणं सगळ्यात महत्त्वाचं. तक्रारीचा क्रमांक म्हणजे 'माहीत होतं' याचा पुरावा.
खड्डे आणि उघड्या मॅनहोलसाठी मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वेगळी वाट काढून दिली. मृत्यूसाठी वारसांना ६ लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती रक्कम ठरवते. सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे आणि नंतर ते दोषी ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे. दिवाणी दाव्याचा हक्क शाबूत राहतो.
पोलीस पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रं, जागेचे तारीख दिसणारे फोटो, एवढं अर्जासोबत हवंच. पंचनाम्यात 'खड्डा' हा शब्द आला आहे का ते आधी वाचा. 'वाहन घसरून' इतकंच लिहिलं असेल तर अर्ज तिथेच घसरतो.

तिरकमठा
म्हणजे खड्ड्याचीही लेखी तक्रार आधी करून मगच त्यात पडावं. आणि झाडाखाली उभं राहताना आवक क्रमांक जवळ बाळगावा.

नस्ती_क्रमांक_शून्य
'ठेकेदाराकडून वसूल करायचे' हे वाक्य बोलायला सोपं आहे. करारात नुकसानभरपाईची हमी देणारं कलम असतं, दोषदायित्वाचा कालावधीही (कामातल्या दोषांना ठेकेदार जबाबदार राहण्याची मुदत) असतो. पण वसुलीचं हातातलं साधन एकच, ठेकेदाराची अनामत आणि राहिलेली देयकं. निकाल येईपर्यंत दोषदायित्व कालावधी संपून अनामत परत गेलेली असते. दावा आल्याबरोबर विधी विभागाने लेखा विभागाला 'अमुक ठेकेदाराची अनामत सोडू नये' हे एका ओळीचं पत्र पाठवणं आणि ठेकेदाराला दाव्यात पक्षकार करायला लावणं, ही दोन कामं वेळेत झाली तर पालिकेचे पैसे वाचतात. दोन्ही सहसा होत नाहीत.

सातबारा
घंटागाडीने धडक दिली तर?

वकीलपत्र
तिथे मोटार अपघात न्यायाधिकरण. गाडीचा विमा असेल तर विमा कंपनी देते. ठेकेदाराची गाडी पालिकेसाठी धावत असली तरी साधारणपणे गाडीचा विमाच धावून येतो. स्थानिक संस्थेला शासनाच्या आदेशाने विम्यातून सूट मिळू शकते, पण त्यासाठी भरपाईचा स्वतंत्र निधी ठेवावा लागतो. आणि हा निवाडा वसुलीला सोपा: न्यायाधिकरणाकडून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुली दाखला घ्यायचा, मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. दरखास्तीचा फेरा टळतो.

सफाईदार
कामगारांचे दावे कुणी मोजलेच नाहीत. संख्येने हेच जास्त असतात. उपदान (ग्रॅच्युइटी) घ्या: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ५२ हजार, सेवा ३० वर्षं. ५२,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे ३० हजार, गुणिले ३० म्हणजे ९ लाख. २९ मार्च २०१८ पासून कमाल २० लाख. उपदान कायदा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) पालिकांना लागू होता, 'आमचे निवृत्तिवेतन नियम वेगळे' हा बचाव १९९८ मध्येच सर्वोच्च न्यायालयात पडला. उशिरावर १० टक्के सरळ व्याज. पालिकेला अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. ही अट माहीत नसल्याने कितीतरी अपिलं दाखलच होत नाहीत आणि व्याज चढत राहतं.
कंत्राटी कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी ठेकेदाराने भरला नाही तर निधी कार्यालय मुख्य नियोक्ता म्हणून पालिकेला धरतं आणि थेट बँकेला पत्र देतं. तिथे कोर्टही लागत नाही. ठेकेदाराच्या बिलासोबत चलन न तपासता पैसे सोडले की पालिका तेच पैसे दुसऱ्यांदा भरते.
गटारात उतरून मृत्यू झाला तर ३० लाख, ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. कायमच्या अपंगत्वाला २० लाख. यात 'ठेकेदाराचा माणूस होता' हे उत्तर चालत नाही.

बिलबाकी
पुरवठादारांसाठी: उद्यम नोंदणी असेल तर दिवाणी कोर्टात जायच्या आधी एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा २००६ पाहा. ४५ दिवसांपलीकडे उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. निवाड्याला आव्हान द्यायला पालिकेला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. नोंदणी माल पुरवायच्या आधीची हवी. मागाहून काढलेल्या नोंदणीवर विसंबू नये. रस्ते-इमारतींच्या कामांना हा कायदा लागतो का यावर वाद आहे, त्यामुळे ती कामं करणाऱ्यांनी फक्त यावर विसंबू नये.

गावठाण
ग्रामपंचायतीचं कुणी बोललं नाही म्हणून. वित्त आयोगाचे पैसे ऑनलाइन प्रणालीतून आराखड्यातल्या कामावरच निघतात, त्यातून हुकूमनामा भागवता येत नाही. उरतो ग्रामनिधी, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी. लहान गावात तो पाणीपुरवठ्याच्या वीजबिलालाच पुरत नाही. तिथे हप्ते बांधून घेण्याला पर्याय नाही, आणि हप्त्यांचा ठराव मासिक सभेत होऊन त्याची प्रत कोर्टात दाखल झालेली हवी. सरपंच बदलला की तोंडी शब्द संपला.

दरखास्तवाला
गावठाण यांच्या मुद्द्याला जोडून: अशा प्रकरणांना लोकअदालत बरी. निवाड्यावर अपील नाही, कोर्ट फी परत मिळते, आणि नस्तीसाहेबांनी सांगितलेली सहीची भीतीही कमी होते, कारण तडजोडीवर कोर्टाचा शिक्का असतो. फक्त दोन गोष्टी बघा. पालिकेतर्फे आलेल्या अधिकाऱ्याकडे तडजोडीचं लेखी अधिकारपत्र हवं, नाहीतर तो 'साहेबांना विचारतो' म्हणून उठतो. आणि तडजोडीत व्याज सोडत असाल तर 'अमुक तारखेपर्यंत रक्कम न दिल्यास मूळ व्याज पूर्ववत लागू' हे वाक्य घालूनच सही करा. ते नसेल तर सवलत तुमची गेली आणि पैसेही नाहीत.
पाणी आणि स्वच्छतेच्या तक्रारींसाठी कायमस्वरूपी लोकअदालत आहे, १ कोटीपर्यंत. दावा लावायच्या आधीच तिथे जाता येतं.

चौकसबुद्धी
वाचनखूण साठवली. मूळ प्रश्नाचा शेवटचा तुकडा राहिलाय. समजा अपील नाही, स्थगिती नाही, पालिका द्यायलाही तयार आहे. मग फाइल पुढे सरकायला हुकूमनामाधारकाने काय द्यायचं?

लेखाशीर्ष
निकाल आणि हुकूमनामा, दोन्हींच्या प्रमाणित नकला. नुसता निकाल दिला तर फाइल परत येते. पॅन, रद्द केलेला धनादेश, व्याजाचा तक्ता. व्याजावर १० टक्के कर कापला जातो, पॅन नसेल तर २०. मूळ माणूस वारला असेल तर परस्पर मागू नका. वारस दरखास्तीत नोंदवून घ्या आणि रक्कम कोर्टातच भरायला सांगा, कुणाचा हिस्सा किती यात पालिका पडत नाही.
व्याजाचा तक्ता स्वतः करून द्या, तारखेसह: 'अमुक तारखेपर्यंत एवढे, त्यानंतर प्रतिदिन एवढे.' लेखा विभागात तो करायला बसणारा माणूस मार्चच्या गडबडीत मिळत नाही, आणि टिपणी मंजूर होईपर्यंत आकडा जुना होऊन फाइल पुन्हा खाली येते. प्रतिदिन दर दिला की सुधारित टिपणी लागत नाही.

नस्ती_क्रमांक_शून्य
आणि सोबत पालिकेच्या वकिलाचा 'अपील करण्याजोगे मुद्दे नाहीत' हा लेखी अभिप्राय फाइलला आहे का ते विचारा. तो नसेल तर वरचा सगळा गठ्ठा लेखापरीक्षकाच्या टेबलावर थांबतो. तो अभिप्राय मागवणारं पत्र विधी विभागातून जातं, लेखा विभागातून नाही. चुकीच्या टेबलावर चकरा मारू नका.

तिरकमठा
योग्य टेबल कसं ओळखायचं? ज्याची खुर्ची जप्त झालेली आहे ते?

नस्ती_क्रमांक_शून्य
नाही. ज्याची कधीच होत नाही ते.